एकटीचा खरेपणा पुरतो का?



बचत गटांसोबत काम करताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमची सचिव सोन्यासारखी आहे, वही बघायची गरजच नाही." सचिव खरी असेलही. पण एका खऱ्या माणसाच्या भरवशावर कारभार टिकतो का? गट सोडा, अख्खी राज्यं टिकली का? आज त्याच्याच दोन गोष्टी सांगतो.

पहिली रोमची. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे राजा नव्हता. लोक दरवर्षी अधिकारी निवडून देत. केटो नावाचा तरुण सरकारी खजिन्यावर अधिकारी झाला. आधीचे अधिकारी नवखे असत, त्यामुळे खरा कारभार जुन्या कारकुनांच्या हाती असे. केटोनं आधी कायदे वाचले, मग हिशेब तपासले. लबाड कारकुनांना वठणीवर आणलं, थकबाकी वसूल केली आणि सरकारकडून लोकांचं जे येणं होतं तेही चुकतं केलं. मुदत संपल्यावरसुद्धा खजिन्याच्या रोजच्या नोंदी तो उतरवून घेत असे.

तरी ते लोकराज्य बुडालं. लढाईवरून परतलेल्या गरीब सैनिकांना पोटापाण्याला जमीन हवी होती. सेनेट, म्हणजे तिथल्या मातब्बरांची सभा, ती द्यायला तयार नव्हती. विरोध करणाऱ्यांत केटोही पुढे होता. मग सैनिक कायद्यापेक्षा आपल्या सेनापतीला मानू लागले, कारण जमीन मिळाली तर त्याच्याकडूनच मिळणार होती. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर फौज घेऊन रोमवर चालून आला. केटो शेवटपर्यंत त्याला शरण गेला नाही. इ.स.पू. ४६ मध्ये त्यानं प्राण दिला, पण राज्य वाचलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. हजारो माणसं खटल्याशिवाय तुरुंगात गेली. त्यांना कोर्टात दाद मागता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांपुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी चौघांनी सांगितलं, आणीबाणी असेपर्यंत नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी आपलं वेगळं मत लिहून ठेवलं : कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचं जगणं आणि स्वातंत्र्य सरकारला हिरावून घेता येणार नाही. पुढे जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशांना दिलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला.

त्यांच्या मतानं तेव्हा कुणी सुटलं नाही. पण मार्च १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून सरकार बदललं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं की आणीबाणीतही जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क थांबवता येणार नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं की १९७६ चा तो निकाल चूक होता. खन्नांचं मत कागदावर होतं आणि मागाहून लोक उभे राहिले, म्हणून ते फुकट गेलं नाही.

मग आपण काय करायचं? सभेत पासबुक आणि वही मोठ्यानं वाचायची, सचिव कितीही भली असली तरी. पदं ठरल्या वेळी बदलायची. ठरावाला एकीचाही विरोध असेल, तर तिचं नाव आणि कारण इतिवृत्तात लिहायचं, "बाकी सगळ्या तयार आहेत, तूच कशाला आडवी येतेस?" असं म्हणून तिला गप्प बसवायचं नाही. आणि सगळ्यात गरीब सभासदेला अडीनडीला कर्ज मिळतंय ना, हे बघायचं. गट तिच्या कामी आला नाही तर ती सावकाराच्या दारी जाईल, आणि गटावर वेळ आली तर ती धावून का येईल?

पुढच्या सभेत या चारांपैकी निदान एक गोष्ट सुरू करा, आणि कशी झाली ते आम्हाला कळवा.