छोटा उत्पादक आणि गावचे ग्रंथालय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शिबिराच्या विषयपत्रिकेत बेकारी आहे, महागाई आहे, शेतमालाचा भाव आहे. त्यांत ग्रंथालयाचाही विषय असावा अशी विनंती मी केली, तेव्हा निवृत्त प्राध्यापकाला पुस्तकांखेरीज दुसरे काय सुचणार, असा भाव संयोजकांच्या चेहऱ्यावर मला दिसला. त्यांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु आज मी बोलणार आहे ते पुस्तकांविषयी कमी आणि पैशांविषयी अधिक.

मी राहतो त्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काही वर्षे आहे. ग्रंथालयासमोरच्या गल्लीत एक बाई शिवणकाम करतात. चार यंत्रे आणि तीन मदतनीस एवढा त्यांचा कारखाना. तीन वर्षांपूर्वी एका शाळेच्या गणवेशांचे काम त्यांना मिळाले. कापड उधारीवर आणून, रात्री जागून, शाळा उघडण्यापूर्वी त्यांनी सर्व गणवेश पोहोचते केले. पैसे मात्र दिवाळी उलटली, संक्रांत झाली, तरी आले नाहीत. कापडवाल्याचे व्याज चढत होते, मदतनिसांची मजुरी तर दर शनिवारी द्यावीच लागे. अखेर बाईंच्या पाटल्या गहाण पडल्या.

आता या बाबतीत कायदा काय सांगतो ते पाहा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ साली झाला. त्याच्या १५ व्या कलमानुसार अशा छोट्या पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले पाहिजेत आणि लेखी करार करूनही ही मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. करारच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ पद्धतीने, व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी सुविधा परिषदेची तरतूद आहे. श्रमिकांच्या बाजूने इतके स्पष्ट बोलणारे कायदे आपल्याकडे फार नाहीत.

बाईंना हे कळले तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्या व्यवसायाची नोंदणीच झालेली नव्हती. नोंदणी माल पुरवण्याआधीची हवी, असे सांगून वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या एका निकालाकडे बोट दाखवले. (हा मुद्दा २०२५ मध्ये न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला; पण खटला लढवण्याइतका पैसा आणि वेळ बाईंजवळ कोठून असणार?) नोंदणी का केली नव्हती, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "सर, एजंट दोन हजार मागत होता. म्हटलं, या कामाचे पैसे आले की करू."

मित्रहो, ही उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्णतः निःशुल्क आहे. आधार क्रमांक आणि पॅन हाताशी असले की स्वतःच्या निवेदनावर ती होते. कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. जे फुकट आहे ते दोन हजारांना विकले जात होते आणि ते विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे बाईंचा हक्क गेला.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. तो कायदा आमच्या ग्रंथालयात होता. एका दिवंगत वकिलांच्या कुटुंबाने त्यांचा ग्रंथसंग्रह आम्हांला देणगी दिला होता. त्या कपाटाच्या उद्घाटनप्रसंगी भाषण मीच केले. नंतर कपाटाला कुलूप लागले. बाईंचे दुकान त्या कपाटापासून पन्नास पावलांवर आहे.

अर्थशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षे भांडवल, भूमी, श्रम यांची चर्चा करीत आलो. माहिती हेदेखील उत्पादनाचे साधन आहे आणि तेही मूठभरांच्या हाती एकवटते, हे फळ्यावर लिहिण्यापेक्षा त्या गल्लीत मला अधिक नीट समजले. मोठ्या कारखानदाराला पगारी सल्लागार असतात. छोट्याला दलाल असतो. या दोघांमध्ये तिसरी जागा सार्वजनिक ग्रंथालयाची असायला हवी होती.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील न्यूअर्कच्या ग्रंथालयाने व्यवसायाच्या माहितीसाठी स्वतंत्र शाखा १९०४ साली उघडली. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. म्हणून आपली ग्रंथालये वर्गणी, अनामत आणि शासनाचे तुटपुंजे अनुदान यांवर कशीबशी चालतात. ग्रंथपालाला धड वेतनश्रेणी नाही. त्याच्यावर आणखी एक काम टाकायचे असेल, तर त्याच्या पगाराच्या मागणीसाठीही आपणच उभे राहिले पाहिजे.

तरीही आहे त्या साधनांत पुष्कळ करता येते. जिल्ह्याचे 'सामाजिक व आर्थिक समालोचन' शासन प्रसिद्ध करते. आपल्या परिसरात शाळा किती, कारखाने कोणते, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. जनगणनेची जिल्हा पुस्तिका आहे, पण ती २०११ ची. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही हे विसरून त्या आकड्यांवर कर्ज काढू नये. आणि अकरावी-बारावीचे 'पुस्तपालन व लेखाकर्म' हे क्रमिक पुस्तक! छोट्या व्यावसायिकाला याहून चांगले पहिले पुस्तक मला ठाऊक नाही. घरी बसून काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया किंमत ठरवताना कापड धरतात, दोरा धरतात, वीजही धरतात; स्वतःची मजुरी तेवढी धरत नाहीत. मग धंदा नफ्यात असल्याचा भास होतो आणि बाई तोट्यात जाते.

वृत्तपत्रांतील निविदांच्या सूचना तर आम्ही महिन्याच्या अखेरीस रद्दीत घालत होतो. आता एक विद्यार्थी त्यांची कात्रणवही ठेवतो. हा विद्यार्थी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आमच्याकडे येतो. त्याच्यासारखी साठ मुले रोज येतात. त्यांपैकी किती जणांना सरकारी नोकरी लागेल याचे गणित मी त्यांच्यासमोर मांडत नाही, मला तेवढे धैर्य नाही.

येथे काही साथी मनात म्हणत असतील की, हा दुकानदारीचा प्रचार झाला. शंका रास्त आहे. 'नोकऱ्या मागू नका, उद्योजक व्हा' हा उपदेश शासन करते तेव्हा रोजगाराची स्वतःची जबाबदारी ते झटकत असते, आणि त्या उपदेशाला माझा विरोधच आहे. पण चार यंत्रांवर बसणारी ती बाई भांडवलदार नव्हे. ती श्रमिकच आहे, फक्त तिचा मालक दिसत नाही. कधी तो कापडवाला असतो, कधी पैसे थकवणारा ग्राहक. १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लोहियांनी छोट्या यंत्राचा पुरस्कार केला. यंत्र छोटे असावे हे आपण मान्य केले, पण ते चालवणाऱ्याच्या हाती कायदा आणि हिशेब कोण देणार, हा प्रश्न आपण तसाच सोडला.

आपल्यापैकी निदान दहा-बारा जण कोणत्या ना कोणत्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहेत. संदर्भ विभागाचे कुलूप काढणे, आठवड्यातून एक संध्याकाळ नोंदणी आणि अर्ज यांसाठी संगणकाजवळ कोणीतरी बसणे, आणि या कामासाठी सभासदत्वाची अट न ठेवणे, एवढे ठराव पुढच्या सभेत मांडता येतील. आमच्या मंडळात हे ठराव दोन मतांनी मंजूर झाले. 'वाचनालयाचे सेतू कार्यालय होईल' असा आक्षेप एका ज्येष्ठ सभासदाने घेतला. मी म्हटले, होऊ द्या.

बाईंची नोंदणी आमच्याच संगणकावर झाली, चहा थंड होण्यापूर्वी. जुनी रक्कम त्यांना पुढे हप्त्याहप्त्याने मिळाली, व्याज मिळाले नाही. यंदा दुसऱ्या एका शाळेचे काम आले तेव्हा पैसे ४५ दिवसांत मिळतील असे लिहून घेतल्याशिवाय त्यांनी कापडाला कात्री लावली नाही.