अमीर खां आणि वऱ्हाडचा हक्क

मुंबईहून नागपुरास जाणारी आगगाडी बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं स्थानकें मागें टाकते आणि मग अकोला येतें. उस्ताद अमीर खां १९१२ सालीं या अकोल्यास जन्मले, असें कांहीं चरित्रलेखक सांगतात. तेवढ्यावरून शेजारच्या बुलढाण्यानेंही त्यांस 'आपल्या वऱ्हाडचे' म्हटलें, तर दोष देववत नाहीं! दुसरे लेखक मात्र आजच्या हरियाणांतील कलानौरचें नांव घेतात.

वाद जन्मगांवाचा, गाणें घडलें तें इंदुरास. वडील शाहमीर खां होळकर दरबारीं सारंगीवादक, आणि पहिली तालीम त्यांचीच. पुढें घराण्यासही नांव मिळालें तें इंदूरचें. मग महाराष्ट्राच्या वाट्यास कांहींच नाहीं काय? आहे, पण तें अकोल्यांत नव्हे, मुंबईंत शोधावें. शाहमीर खां स्वतः भेंडीबाजार घराण्याच्या परंपरेंतले. ज्या मेरुखंडाच्या स्वरक्रमांतून अमीर खांचा अतिविलंबित ख्याल सावकाश उलगडत जाई, तो वारसा याच घराण्याचा. तेथील अमान अली खांच्या गायकीची छाया त्यांच्या सरगमांवर स्पष्ट पडली आहे. १९३४ च्या सुमारास ते स्वतः मुंबईस आले, तेव्हां हें ऋण त्यांच्या गळ्यांत आधींच होतें.