भिंतीच्या नावाचा रस्ता

आज हेड्रियन्स सायकलवे. उत्तर इंग्लंडमधलं रेव्हनग्लास ते साउथ शील्ड्स, साधारण २७० किलोमीटर. गाइड नाही, मोबाइलमध्ये नकाशा आणि रस्त्यावर ‘७२’च्या पाट्या, आपलं आपण जायचं. पश्चिमेकडूनच निघा, वारा बहुतेक वेळा पाठीशी असतो.

नावावरून वाटतं, इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली रोमन भिंत सतत शेजारी असेल. तर नाही! सुरुवातीला नुसता समुद्रकिनारा नि कुरणं. भिंतीलगतची वाट चालणाऱ्यांची, तिथे सायकल नेत नाहीत. म्हणून एक दिवस जास्तीचा ठेवाच. मी हॉल्टव्हिसलला सायकल लावली आणि दिवसभर चाललो.

विंडोलांडा मात्र सोडू नका. तिथल्या ओल्या मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं सापडली, भिंतीच्याही आधीची. एकात क्लॉडिया सेव्हेरा मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते. दुसऱ्यात कुणीतरी मोजे आणि चड्ड्या पाठवल्याचं कळवलंय. (तिथला वारा खाल्लात की लगेच पटेल!)

साउथ शील्ड्सच्या आर्बेया किल्ल्यात बाराटेसनं बायकोसाठी, रेजिनासाठी, उभारलेला दगड आहे. ती आधी त्याची गुलाम होती. तो सीरियातल्या पाल्मिराचा. मजकूर लॅटिनमध्ये, आणि खाली एक ओळ त्याच्या स्वतःच्या भाषेत.