जुना कागद जपून ठेवा

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आज मी डॉक्टरांच्या मोबाइलविषयी बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. पण विषय आपल्या पिशवीचाच आहे.

कर्करोगाच्या तपासणीचे नियम असतात. कोणत्या वयात, किती वर्षांनी, कोणती तपासणी करायची आणि कधी करायची नाही, हे त्यांत ठरलेले असते. हे नियम बदलतातही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २००९ मध्ये सांगितले, सर्व बायकांनी पन्नाशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी. २०२४ मध्ये त्याच मंडळाने ते वय ४० वर आणले. गर्दीच्या दवाखान्यात हे सगळे डॉक्टरच्या लक्षात कसे राहणार? म्हणून या शिफारशींचे ॲप निघाले. वय, लिंग, गरोदरपण, तंबाखू, लैंगिक संबंध एवढे भरले की त्या व्यक्तीला लागू असलेली यादी समोर येते. त्यात 'करा' असते, तसे 'करू नका'ही असते.

तिथे दुसरे एक ॲप आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत दोष आढळला तर पुढे काय करायचे, ते हे ॲप सांगते. समजा दोघींचा आजचा रिपोर्ट सारखाच आहे. दोघींना एचपीव्ही विषाणूची लागण आहे आणि पेशींत किरकोळ बदल आहे. पहिलीचा जुना रिपोर्ट नाही. ॲप सांगते, कर्करोगाआधीची गंभीर अवस्था असण्याचा धोका शंभरात चारांहून जास्त आहे, आता दुर्बिणीने तपासा. दुसरीचा मागचा एचपीव्ही रिपोर्ट निर्दोष आहे, आणि तो समोर आहे. तिचा धोका शंभरात दोन. तिला वर्षाने बोलवा, एवढेच. जुन्या कागदाला एवढी किंमत आहे! हे आकडे मुख्यतः उत्तर कॅलिफोर्नियातल्या लाखो बायकांच्या वर्षानुवर्षे जपलेल्या नोंदींमधून आले आहेत.

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईचे गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड दर पाच वर्षांनी तपासायचे. आशा घरोघरी प्रश्नावली भरते, नर्सताई ती माहिती ॲपमध्ये चढवते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसले? ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. दारापर्यंत जी पोचलीच नाही, तिच्यासाठी डॉक्टरच्या खिशातले ॲप काय करणार?

तपासणीचा उपयोग होतो, हे आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी करून उपचार दिले, तिथे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले.

आणि त्याच मराठवाड्यात बीडमध्ये काय झाले? २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. 'काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, यावर आधी तपासणी आणि औषध असते. कर्करोगापूर्वीचा खराब भाग दिसला तरी बहुतेक वेळा तेवढाच गोठवून किंवा जाळून काढता येतो. बहुतेक वेळा पिशवी शाबूत राहते. हे नियम डॉक्टरांना ठाऊक नव्हते, असे मी मानत नाही. बायकांना ठाऊक नव्हते. डॉक्टरला आठवण करून देणारे यंत्र विसराळू डॉक्टरला सुधारेल. ज्याला ऑपरेशनचे पैसे हवेत, तो ते उघडणारच नाही. त्याला अडवायचे तर नियम बाईला माहीत हवा.

म्हणून माझा ॲपला विरोध नाही. पण आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. डॉक्टरला दिसतो तो नियम मराठीत दवाखान्याच्या भिंतीवर लावा. प्रत्येक तपासणीचा लेखी रिपोर्ट बाईच्या हातात द्या. 'नॉर्मल आहे, जा' हे चालणार नाही. दोष आढळला तर पुढची तारीख, ठिकाण आणि जाण्यायेण्याची सोय सांगा. 'लैंगिक संबंध आहेत का' हा प्रश्न आडोशाला विचारा, आणि उत्तर घरी किंवा गावात पोचू देऊ नका.

आणि आपले एक काम. रेशनकार्डाच्या पिशवीत हा रिपोर्टही ठेवा. ऊसतोडीला जाताना सोबत न्या. कोणी 'पिशवी काढा' म्हणाले तर तो कागद पुढे करा आणि विचारा, "कुठल्या तपासणीवरून म्हणता?"

उत्तर मिळेपर्यंत अंगठा देऊ नका.