वॉलरस परतले, बर्फाचं काय?

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्यापुढे ताडोबाचं किंवा बोरिवलीचं जंगल उभं राहतं. आज ज्या उद्यानाविषयी मी बोलणार आहे, तिथे औषधालाही झाड नाही. उत्तर ध्रुवापासून सुमारे तेराशे किलोमीटरवर, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात प्रिन्स कार्ल्स फोरलँड नावाचं एक लांबट, चिंचोळं बेट आहे. तिथले डोंगर, हिमनद्या आणि भोवतीचा समुद्र मिळून १९७३ साली फोरलँडेट राष्ट्रीय उद्यान झालं.

स्वालबार्डमध्ये सुळ्यांसाठी आणि चरबीसाठी वॉलरसची शतकानुशतकं कत्तल झाली. हा प्राणी तिथून जवळजवळ नाहीसाच झाला. १९५२ साली शिकारीवर बंदी आली आणि हळूहळू वॉलरस परतले. आज या बेटाच्या किनाऱ्यावर ते कळपाने पहुडलेले दिसतात. कायदा मनापासून पाळला, तर एवढं साधतं.

बर्फाला मात्र असा कायदा राखू शकत नाही. बेटाशेजारी काँग्सफियॉर्ड ही डोंगरात शिरलेली खोल खाडी आहे. तिच्या काठी, नी-ऑलेसुंड इथे, २००८ साली भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहतं. २०१४ पासून आपली उपकरणं या खाडीच्या पाण्याखाली तापमान आणि क्षार मोजत आहेत. अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरतं आणि २००६ पासून इथे हिवाळ्यात पूर्वीसारखा बर्फ धरत नाही.

आम्हा सोनिवलीकरांना त्याचं काय, असं कुणी विचारील. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर बदलापूर परिसर विसरलेला नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली, तेही आठवत असेल. या पुरांचं खापर ध्रुवावर फोडण्याचं कारण नाही. पण गोव्याच्या याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक संबंध मांडला. ध्रुवाजवळच्या कारा समुद्रातला बर्फ उन्हाळ्यात घटला, की आपल्याकडे सप्टेंबरात अतिवृष्टीची शक्यता वाढते, असा. आपला पाऊस एकट्या अरबी समुद्रावर ठरत नाही.

बंदूक अडवायला नॉर्वेचा कायदा पुरला. कोळशाचा, पेट्रोलचा धूर मात्र उद्यानाची हद्द जाणत नाही. तिथला बर्फ टिकवायचा तर तो धूर जिथे निघतो तिथेच, म्हणजे आपल्याकडेही, कमी व्हायला हवा.