होकायंत्राला लागलेला चकवा

श्रोतेहो, रात्री रानातून परतणारा माणूस वाट चुकला, की आपण म्हणतो, त्याला चकवा लागला. असाच चकवा हेलिकॉप्टरलाही लागू शकतो, आणि तोही इस्पितळाच्या दारात! तो कसा, ते आज पाहू.

होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते, ती पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे. पृथ्वी मोठी खरी, पण तिचा हा जोर फार थोडा. महाराष्ट्रात तो सुमारे ०.४ गाऊस भरतो. उलट, मोठ्या इस्पितळात शरीराच्या आतले चित्र दाखवणारे एम. आर. आय. यंत्र असते. त्याचे चुंबक पुष्कळदा १.५ टेस्लाचे, म्हणजे १५,००० गाऊसचे असते. पृथ्वीच्या तीस हजार पटींहून अधिक! बरे, दिव्यासारखे ते रोज रात्री मालवतही नाहीत. उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेल्या तारेतून वीज अखंड फिरत राहते. खोलीला कुलूप लागले, तरी चुंबक जागेच.

अंतर वाढले, की हा जोर झपाट्याने घटतो. पण विटांची भिंत किंवा साधे छप्पर त्याला अडवत नाही. हेलिकॉप्टर त्याच छपरावर किंवा अगदी शेजारी उतरले, तर सुई भलतीकडे वळू शकते.

आपण म्हणाल, दूर गेल्यावर सुई ताळ्यावर येईलच की! येते. पण हेलिकॉप्टरात दिशा दाखवणारे, भोवऱ्यासारखे फिरणारे आणखी एक यंत्र असते. ते होकायंत्राशी जुळवावे लागते. छपरावर असताना चुकलेल्या सुईशी जुळवले, तर ती चूक बरोबर घेऊनच ते उडते. दिवसाउजेडी वैमानिक नदी, रस्ता पाहून सावरेल. पण रात्र आहे, ढग आहेत, मागे अत्यवस्थ रोगी आहे, अशा वेळी काय? उपग्रहावरून आपली जागा कळते. पण हेलिकॉप्टरचे तोंड कोणीकडे आहे, हे सांगायला पुष्कळदा चुंबकीय यंत्रच लागते. आणि चुकलेले यंत्र आपण चुकलो असे सांगत नाही.

म्हणून अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने शिफारस केली आहे, की अशा तळावर इशाऱ्याची पाटी लावावी आणि यंत्र कोठे आहे ते वैमानिकांना कळवावे. फिरत्या गाडीतल्या यंत्राबाबत तर हे अधिकच जपले पाहिजे; गाडी काल नव्हती, आज आहे. वैमानिकानेही तळाची ठाऊक असलेली दिशा यंत्राशी ताडून पाहावी.

गुरुजी, हा चकवा वर्गात दाखवता येतो. टेबलावर होकायंत्र ठेवा. पूर्वेकडून लोहचुंबकाचे एक टोक सुईकडे धरून ते हळूहळू जवळ आणा. सुई ४५ अंश वळली, की तेथे खूण करा. आता अंतर निम्मे करा. सुई जवळजवळ चुंबकाच्याच रेषेत येईल. मग मध्ये पुस्तक उभे करा. सुई परत फिरते का, हे मुलांनाच पाहू द्या.