मडकं पक्कं आहे का? – दात काढणाऱ्यांच्या परीक्षेची गोष्ट

मी तेरहून बोलतेय. जेवणं उरकली असतील तर भांडी जरा बाजूला ठेवा आणि थोडा वेळ माझं ऐका.

आमच्या गटाच्या बैठकीत एका मावशींनी चार हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर दात बसवायला. बाजाराच्या दिवशी एक माणूस येतो, एका दिवसात कवळी देतो म्हणे. कर्जाला कुणाचीच ना नव्हती. पण आमची सचिव म्हणाली, "त्याचा नोंदणी नंबर काय?" मावशी चिडल्या. "दात माझे, हप्ता मी भरणार. नंबर घेऊन काय चाटायचाय?"

खरं सांगते, त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. पण मला आमच्या आत्याबाई आठवल्या. त्यांची दाढ अशीच एका यात्रेत पकडीनं उपटली होती. मूळ आतच राहिलं. पंधरा दिवस जबडा सुजलेला, ताप, आणि खर्च दाढ काढायच्या पैशाच्या वीसपट. गटाचे दोन हप्ते थकले ते वेगळंच.

म्हणून मी हा विषय शोधून वाचला. परीक्षा म्हटलं की तेरच्या माणसाला गोरोबाकाका आठवणारच. मुक्ताईच्या सांगण्यावरून त्यांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं, ही कथा आपण सगळ्याच ऐकत आलोय. दाताच्या बाबतीत हे थापटणं कुणाच्या हातात द्यायचं, यावर जगात बरीच वर्षं भांडण चाललं.

पूर्वी दात काढणारे म्हणजे न्हावी, वैदू, नाहीतर यात्रेतले फिरते. अमेरिकेत १८४० साली बाल्टिमोरला दाताचं पहिलं कॉलेज निघालं आणि पुढच्याच वर्षी अलाबामा राज्यानं परवान्याचा कायदा केला. तिथं एक गोष्ट वेगळी होती. कॉलेजची पदवी मिळाली तरी परवान्यासाठी राज्याच्या मंडळाची परीक्षा निराळी. तीही जिवंत माणसाच्या तोंडात काम करून दाखवायची, आणि तो रुग्ण परीक्षा देणाऱ्यानंच शोधून आणायचा! आपण परीक्षेला पेन नेतो, ते किडका दात असलेला माणूस नेत. तो ऐनवेळी आला नाही की झालं, वर्षांची मेहनत टांगणीला. अलीकडे बऱ्याच ठिकाणी माणसाऐवजी पुतळ्याच्या तोंडात काम करून घेतात. ते बरंच झालं म्हणायचं.

आता बायांची गोष्ट. कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी डॉ. फोन्स नावाचे दंतवैद्य होते. दात किडल्यावर काढण्यापेक्षा आधीच साफ ठेवावेत, असं त्यांचं म्हणणं. १९०६ साली त्यांनी आपली मदतनीस आणि नात्यातली बहीण आयरीन न्यूमन हिला दात साफ करायला शिकवलं. १९१३ मध्ये आपल्या गाडीखान्यातच बायांसाठी वर्ग काढला. तिथं शिकलेल्या बाया शाळांत जाऊन पोरांचे दात बघू लागल्या. १९१७ साली या कामाचा पहिला परवाना मिळाला तो आयरीनबाईंनाच. या कामाला म्हणतात डेंटल हायजिनिस्ट.

आपल्या देशात हे काम रेटलं डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. ते अमेरिकेत शिकून आले आणि १९२० साली कलकत्त्यात दाताचं कॉलेज काढलं. पैसा कुठून? त्यांचं सोडा-आइस्क्रीमचं दुकान होतं, त्याच्या कमाईतून. हे वाचून मला आपल्या पापड-शेवयांच्या गटांची आठवण झाली. त्यांच्याच खटपटीनं १९३९ मध्ये बंगालात दंतवैद्यांचा कायदा झाला. मग मार्च १९४८ मध्ये देशाचा कायदा आला. तेव्हा आपला जिल्हा अजून निजामाच्या राज्यात होता. १९४९ साली भारतीय दंत परिषद स्थापन झाली.

त्या कायद्यानं एक अवघड गाठ सोडवली. पदवी नसलेले, पण वर्षानुवर्षं दातांवरच पोट भरणारे, त्यांचं काय करायचं? त्यांची नोंद वहीच्या 'ब' भागात झाली, पदवीवाल्यांची 'अ' भागात. 'ब' भागाचं दार कायमचं उघडं ठेवलं नव्हतं. ते त्या काळच्या जुन्या लोकांसाठी होतं. आज कुणी "आमचा पिढीजात धंदा आहे" म्हणालं तर तेवढ्यावर नोंद होत नाही. त्या कायद्यात हायजिनिस्टची नोंदही वेगळी ठेवलेली होती. दोन वर्षांचा कोर्स असतो. बारावी सायन्स झालेल्या पोरींच्या आयांनी हे कान देऊन ऐकावं.

आपल्याकडे अमेरिकेसारखी वेगळी परवाना-परीक्षा नव्हती. बी.डी.एस. व्हायचं, वर्षभर दवाखान्यात हाताखाली काम करायचं आणि राज्याच्या दंत परिषदेत नाव नोंदवायचं. २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. त्यात शेवटी सगळ्यांची एकच सामाईक परीक्षा ठेवली आहे, ती पास झाल्यावर परवाना. कॉलेजं इतकी वाढली, की प्रत्येक ठिकाणचं मडकं सारखंच भाजलंय असं धरून चालत नाही. मला तरी हे पटतं. खेड्यातल्या पोरांना क्लासचा खर्च वाढेल, ही धास्तीही आहेच.

मावशींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी पुढच्या बाजारी त्या माणसाला नंबर विचारला. तो म्हणाला, घरी आहे. मावशी तशाच परत आल्या आणि म्हणाल्या, "चला लातूरला."

लातूरच्या दंत महाविद्यालयात आम्ही दोघी गेलो. डॉक्टरीणबाईंनी दातांआधी गाल ओढून आत बघितलं. मावशी तीस वर्षं मिश्री लावतात. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. दुखत नव्हता, म्हणून कधी कळला नाही. कवळीचं माप नंतर घेऊ, आधी हे तपासू, असं म्हणून त्यांनी बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

कर्ज मंजूर आहे, पैसे अजून उचललेले नाहीत. रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे. सकाळच्या एस.टी.नं आम्ही जातोय, आणि या वेळी गटातल्या आणखी तिघी मिश्रीवाल्या सोबत येतायत.